‘आणि पार्टी’त कोण कोण होतं?

अमेरिकन रॅपर-गायिका लॉरिन हिलच्या अल्बमची सुरुवात गाण्याने होत नाही. शाळेची घंटा होते आणि मास्तर हजेरी घ्यायला लागतात. एकेक नाव पुकारलं जातं, पोरं ‘हजर’ म्हणत जातात. शेवटी लॉरिन हिलचं नाव येतं. मास्तर पुन्हा पुकारतात, पुन्हा पुकारतात. वर्गातून उत्तर येत नाही.

ही हजेरी माझ्या डोक्यातून जात नाही, कारण या अल्बमवरून पुढे जो वाद पेटला तोही हजेरीचाच होता. खोलीत कोण कोण होतं आणि कागदावर कोणाकोणाचं नाव लागलं, एवढाच तो प्रश्न. आज मुंबई-पुण्यापासून नागपूर-नाशिकपर्यंत पोरं घरच्या खोलीत माइक लावून रॅप करताहेत, एकमेकांच्या गाण्यात पाहुणे म्हणून येताहेत, मित्राने लॅपटॉपवर बनवलेल्या बीटवर, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या संगीतावर, शब्द चढवताहेत. म्हणून सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं ते अमेरिकेतलं भांडण मला आपल्या घरातलं वाटतं.

‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ २५ ऑगस्ट १९९८ रोजी बाजारात आला. हिल तेव्हा २३ वर्षांची होती. त्याआधी वायक्लेफ जाँ आणि प्राझ यांच्याबरोबर ‘फ्यूजीज’ या त्रिकुटात ती रॅप करायची आणि गायचीही. त्यांच्या १९९६ सालच्या अल्बमने जगभर नाव केलं होतं. त्या त्रिकुटातून बाहेर पडून, तान्हं मूल सांभाळत, तिने एकटीचं काम हाती घेतलं. न्यू जर्सीतलं घर, न्यूयॉर्कचे स्टुडिओ आणि जमैकातल्या किंग्स्टनचा मार्ले कुटुंबाचा टफ गाँग स्टुडिओ, अशा ठिकाणी मिळून हा अल्बम तयार झाला. पहिल्याच आठवड्यात ४ लाख २२ हजारांहून जास्त प्रती गेल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये दहा नामांकनांपैकी पाच ग्रॅमी तिने घेतल्या. त्यात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार होता, आणि हिप-हॉपच्या अल्बमला तो त्याआधी कधीच मिळालेला नव्हता. २०२४ मध्ये अ‍ॅपल म्युझिकने सर्वकाळच्या सर्वोत्तम शंभर अल्बमची यादी काढली, तेव्हा पहिला क्रमांक याच अल्बमला दिला.

यात पाहुणे आहेत, आणि मोठे आहेत. मूल होऊ देऊ नकोस, आधी करिअर बघ, असं सांगणाऱ्यांना हिलने ज्या गाण्यातून उत्तर दिलं त्यात कार्लोस सँटानाची गिटार आहे. एका गाण्यात मेरी जे. ब्लायज गाते, एकात डीअँजेलो. त्यांची नावं गाण्याच्या नावाला जोडूनच छापलेली आहेत. पण कुठल्याही अल्बमला आणखी एक प्रकारचे सोबती असतात. लग्नघरात पाहुणे पहिल्या पंगतीला बसतात, आणि पहाटेपासून चुलीशी उभे असलेले, वाढणारे, पाणी भरणारे शेवटी जेवतात; फोटोत तर ते नसतातच. सँटाना हा पहिल्या पंगतीचा पाहुणा. चुलीशी उभे होते ते दुसरेच.

अल्बम येऊन तीन महिने होतात न होतात तोच, नोव्हेंबर १९९८ मध्ये, ‘न्यू आर्क’ या नावाने एकत्र काम करणाऱ्या चौघांनी न्यू जर्सीतल्या कोर्टात दावा लावला. वाडा नोबल्स, रशीम प्यू, आणि जोहारी व तेजुमोल्ड न्यूटन हे दोघे भाऊ. अल्बममधल्या बहुतेक गाण्यांच्या रचनेत आणि निर्मितीत आमचा हात होता, श्रेय मात्र मिळालं नाही, हे त्यांचं म्हणणं. हिलच्या बाजूने सांगितलं गेलं की केलेल्या कामाचा मोबदला त्यांना दिलेला आहे आणि आता यशाच्या वाटणीसाठी ते पुढे आले आहेत. फेब्रुवारी २००१ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. रकमेचा बोलला गेलेला आकडा ५० लाख डॉलरचा होता. निकाल लागलाच नाही, त्यामुळे कोणाचं किती हे कायद्याने कधी ठरलं नाही. पुढे छापून आलेल्या आठवणींत असं येतं की सगळ्यांकडून कागद करून घे, असं तिला आधीच सुचवलं गेलं होतं. आपलं एकमेकांवर प्रेम आहे, इथे कागदाचं काय काम, अशा अर्थाचं उत्तर तिने दिलं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका भक्तिगीतांच्या कॅसेटसाठी हार्मोनियम वाजवली होती. आम्ही सहा जण होतो. दोन दिवसांत आठ गाणी. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याआधी काहीतरी हवं होतं आणि कोणाला सुचत नव्हतं. बासरीवाल्याने चहाचा कप खाली ठेवला आणि सहज एक तुकडा वाजवला. तो तसाच घेतला. पुढे ती कॅसेट जत्रांतून बरी चालली, आणि लोक गुणगुणायचे ते शब्द नव्हेत, तो तुकडा. कॅसेटच्या कागदावर गायकाचं नाव होतं, संगीतकाराचं होतं, आणि त्याखाली ‘व सहकारी’. आमच्या आधीच्या पिढीत शाहिरांच्या तबकड्यांवर ‘आणि पार्टी’ असं छापत. झीलकरी, ढोलकीवाला, तुणतुणंवाला, सगळे त्या दोन शब्दांत मावले. कोणी फसवलं असं मी म्हणत नाही. पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले. आमच्यातही प्रेम होतं आणि कागद नव्हता.

पण ‘न्यू आर्क’ची बाजू मनापासून पटते म्हणून हिलला चोर ठरवणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. या वादाचा वापर एका कर्तृत्ववान स्त्रीचं काम तिच्या हातून काढून घेण्यासाठी झाला आहे, आणि आजही होतो. २०१८ मध्ये पियानोवादक रॉबर्ट ग्लास्परने जाहीरपणे तिच्यावर संगीत चोरल्याचा आरोप केला. त्यावर तिने लांबलचक लेख लिहून उत्तर दिलं. आपल्या अभिव्यक्तीची रचना करणारी आपण स्वतः आहोत, शेवटचा शब्द आपला असतो, हे तिने ठासून सांगितलं. आणि त्याच लेखात हेही मान्य केलं की फ्यूजीजबाहेरच्या संगीतकारांबरोबर काम करताना आवश्यक त्या मर्यादा तिने आखल्या नसाव्यात, नको इतकं मोकळं दार ठेवलं असावं. मला या कबुलीचं मोल वाटतं.

आता तुलनेसाठी अमेरिकेतलाच रॅपर डॉ. ड्रे घ्या. ‘एन.डब्ल्यू.ए.’ हा आपला गट सोडल्यावर डिसेंबर १९९२ मध्ये त्याने आपला पहिला एकट्याचा अल्बम काढला. त्यातल्या बहुतेक गाण्यांत स्नूप डॉग आहे. डॅझ, करप्ट, आरबीएक्स, लेडी ऑफ रेज, नेट डॉग अशी फौजच्या फौज आहे. ड्रेच्या तोंडच्या कितीतरी ओळी दुसऱ्यांनी लिहिलेल्या आहेत, हेही सर्वांना ठाऊक आहे. त्याला कोणी विचारत नाही की मग यात तुझं काय? उलट माणसं हेरणारा, सगळ्यांकडून काम काढून घेणारा कारागीर म्हणून त्याची थोरवी सांगतात. ते बरोबरच आहे. मग हिलने माणसं जमवली, त्यांच्याकडून हवं तेच काढून घेतलं, नको ते टाकलं, शब्द आपले लिहिले, रॅप केला, गायली, तर तिच्या बाबतीत ‘खरं काम कोणी केलं’ हा प्रश्न पहिला का यावा? त्यानंतर तिने दुसरा स्टुडिओ अल्बम काढला नाही, याचा पुरावा म्हणून उपयोग करणारे तर मला अजिबात पटत नाहीत. माणूस गप्प का बसतो याची शंभर कारणं असतात. कोर्टकचेरीत आपल्याच सोबत्यांसमोर उभं राहावं लागणं हे त्यातलं एक असू शकतं.

म्हणजे अल्बम तिचा आहे, आणि चौघांची तक्रारही ऐकण्यासारखी होती. या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. त्या तशा पाडतात असं वाटायला लावणारी एक सवय आपल्यात मुरलेली आहे. थोर कलाकृतीमागे एकच माणूस असला पाहिजे, ही ती सवय. कंपन्यांना ती सोयीची असते. एक चेहरा विकायला सोपा. रसिकालाही सोयीची, कारण प्रेम एकावर करणं सोपं. आणि कलाकाराला, विशेषतः आपलं कर्तृत्व सतत सिद्ध करावं लागणाऱ्या बाईला, दुसऱ्याचं नाव घेतलं तर आपलं कमी होईल अशी भीती वाटते. ही भीती खोटी नाही. त्या बाजारात नाव घेतलं की खरोखरच कमी होतं. म्हणून एकट्या हिलला उपदेश करून हा प्रश्न सुटणार नाही.

हिप-हॉपमध्ये तर एकट्याचं काही नसतंच. या अल्बममधलंच एक उदाहरण सांगतो. हजेरीनंतर लगेच येणाऱ्या गाण्यात जमैकाच्या सिस्टर नॅन्सीच्या १९८२ सालच्या प्रसिद्ध गाण्याचा धागा आहे. नॅन्सीचं ते गाणं सिनेमांत वाजलं, जाहिरातींत वाजलं, कितीतरी रॅपरनी उचललं. तिने स्वतः सांगितलं आहे की जवळपास तीन दशकं तिला त्याचे पैसे मिळाले नाहीत. ती जमैका सोडून अमेरिकेत न्यू जर्सीला आली, बँकेत नोकरी करू लागली. एका जाहिरातीत आपलाच आवाज ऐकल्यावर ती वकिलाकडे गेली आणि मग कुठे तिचा हक्क काही अंशी परत आला. जिचा आवाज जगभर वाजतो ती बाई सकाळी डबा घेऊन बँकेत हिशेब करायला जाते, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की श्रेयाचा प्रश्न हा मोठेपणाचा हट्ट आहे असं म्हणवत नाही. तो भाकरीचा प्रश्न आहे.

आपल्याकडे हे नवीन नाही. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळात सुरांची मांडणी करणारे, व्हायोलिनच्या रांगा बसवणारे कितीतरी अरेंजर गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांना जो वाद्यमेळ दिला तो वजा केला तर काय उरेल, हे ऐकणाऱ्याने स्वतःच ठरवावं. माजोर्डेचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ मध्ये प्यारेलाल यांनी एका सिनेमाच्या नायकामार्फत गुरूचं नाव घराघरांत पोहोचवलं. लोकांना वाटलं, पात्राचं नाव आहे. गुरूचं नाव असं गाण्यातून चोरपावलांनी आत आणावं लागलं, कारण पडद्यावरच्या पाटीवर त्याला धड जागा नव्हती.

आज कायदा त्या वेळेपेक्षा खूप चांगला आहे, आणि रॅप करणाऱ्या पोरांना तो माहीत नसतो, याचं मला वाईट वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम बाहेर ठेवलेले आहेत. गायचे किंवा बोलायचे शब्द ही साहित्यकृती. म्हणजे पिंपरीच्या चाळीत किंवा धारावीच्या पोटमाळ्यावर बसून लिहिलेला रॅप कायद्याच्या नजरेत साहित्य आहे, कवितेइतकंच. बीटमधली सुरावट रचणारा हा संगीतकृतीचा कर्ता, आणि त्याने ती नोटेशनमध्ये लिहून काढलेली असलीच पाहिजे अशी अट नाही. २०१२ च्या दुरुस्तीने शब्द आणि संगीताच्या कर्त्यांना रॉयल्टीत समान वाट्याचा हक्क दिला, आणि तो हक्क कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. त्याच दुरुस्तीने वाजवणाऱ्या-गाणाऱ्यालाही आपली ओळख सांगण्याचा हक्क दिला. ‘व सहकारी’ म्हणून भागवण्याचे दिवस कायद्याने तरी संपवले आहेत.

घोळ एका शब्दात आहे. हिप-हॉपमध्ये प्रोड्यूसर म्हणजे बीट बनवणारा. कायद्यात प्रोड्यूसर म्हणजे ध्वनिमुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, व्यवहारात बहुधा पैसे घालणारा, आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता तोच मानला जातो. एकाच शब्दाची ही दोन माणसं आहेत. व्हिडिओखाली ‘प्रोड. बाय’ म्हणून आपलं नाव आलं की एकोणीस वर्षांच्या पोराला वाटतं, सगळं मिळालं. संगीतकार म्हणून आपली नोंद झाली आहे का, हे विचारायचं त्याला सुचत नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेत गाण्याची नोंद करताना कोणाचा किती टक्के वाटा हे लिहावं लागतं. तो रकाना कोणीतरी भरतोच. ज्याने भरला नाही, त्याच्या वतीने दुसरा भरतो.

माझं मागणं साधं आहे. गाणं प्रसिद्ध करण्याआधी, शक्य तर रेकॉर्डिंगच्याच रात्री, एका पानावर नावं आणि टक्के लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. अमेरिकेत याला स्प्लिट शीट म्हणतात; आपण वाटणीपत्र म्हणू. शब्द कोणाचे, बीट कोणाचा, हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, कोणाला सुचला, वाद्य कोणी वाजवलं, मिक्सिंग कोणी केलं. पाहुणा रॅपर सोळा ओळी देऊन गेला तर त्या सोळा ओळींचा कर्ता तोच, हेही त्यावर असू द्या. गाणं अ‍ॅपवर चढवताना हीच नावं तिथल्या रकान्यांत भरा. मराठीत याचं चांगलं उदाहरण आहेच: २०२४ मध्ये ‘तांबडी चामडी’ जगभर वाजलं तेव्हा संगीत करणारा क्रेटेक्स आणि रॅप करणारा श्रेयस, दोघांची नावं शेजारी शेजारी होती. त्यामुळे दोघांपैकी कोणाचं काही कमी झालेलं मला दिसलं नाही.

याला विरोध करणारे माझे मित्रच आहेत, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. ते म्हणतात, मैफल जमलेली असताना कागद काढला की रंग उडतो. मीही पेटीवर बसलेलो आहे, ही भीती मला समजते. पण लग्नाची बोलणी करताना देण्याघेण्याचं स्पष्ट बोलणारी आपली माणसं मंडपात आनंदाने नाचतातच की. दुसरं म्हणणं असं की टाळी वाजवणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्याला एका मापाने मोजणार का? अजिबात नाही. टाळीचं नाव लिहा, टक्के नकोत. कुठल्या गोष्टीला लेखन म्हणायचं आणि कुठल्या गोष्टीला साथ, यावर वाद होईल, व्हायलाच हवा. तो वाद स्टुडिओत, सगळे समोर असताना झालेला बरा. कोर्टात तीन वर्षांनी होतो तेव्हा आठवणीही बदललेल्या असतात, आणि त्या प्रामाणिकपणे बदललेल्या असतात. तिसरा आक्षेप पोरांचाच: काका, कमाईच शून्य आहे, शून्याचे पाच टक्के काय लिहायचे? मी त्यांना सांगतो की शून्याच्याच वाटण्या भांडणाशिवाय होतात. हिलच्या खोलीत जे चौघे होते त्यांना तरी कुठे माहीत होतं, की समोर जे शिजतंय त्याच्या कोट्यवधी प्रती होणार आहेत?

याच अल्बममध्ये शेवटाकडच्या एका गाण्यात पियानो वाजतो. तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकणाऱ्या जॉन स्टीव्हन्स नावाच्या मुलाने वाजवला आहे. आज जग त्याला जॉन लेजंड म्हणून ओळखतं. त्याच्या कारकिर्दीची गोष्ट सांगताना लोक त्या पियानोपासून सुरुवात करतात. ती तशी सांगता येते, कारण पियानोवर कोण होतं हे ठाऊक आहे.

आमच्या त्या कॅसेटची एक प्रत माझ्याकडे अजून आहे. वाजत नाही, फीत चिकटली आहे. आतल्या कागदावर ‘व सहकारी’च्या खाली मी मागच्या दिवाळीत बॉलपेनने नावं लिहायला घेतली. ढोलकी, तबला, टाळ, कोरसची बाई, पेटी. पाच झाली. बासरीवाल्याचं नाव काही केल्या आठवेना. जुन्या ओळखीच्या दोघांना फोन केला, त्यांनाही आठवलं नाही. तो नगरकडचा होता आणि चहात साखर जास्त घ्यायचा, एवढंच तिघांच्या लक्षात होतं. सहाव्या ओळीवर ‘बासरी’ एवढा शब्द लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आहे.